मासळी वाहिलेले जुने पिकअप शेतमालासाठी घ्यावे का?

प्रश्न : ओतूरला (ता. जुन्नर) माझी टोमॅटो आणि कांद्याची शेती आहे. माल नारायणगावच्या बाजारात नेण्यासाठी दर हंगामात भाड्याच्या गाडीवर अवलंबून राहावे लागते. सध्या रत्नागिरीचे २०१३ चे एक पिकअप २,८०,००० रुपयांना मिळत आहे. मालक त्यातून आंबा घाटमार्गे कोल्हापूरला मासळी नेत असे. इंजिनाचे काम नुकतेच झाले आहे, रंग नवा आहे आणि मीटरवर ९४,००० किलोमीटर दिसतात. एका फेरीत ६० क्रेट नेता येतील का आणि घेण्यापूर्वी काय पाहावे?
— एक वाचक, ओतूर

उत्तर : आपण इंजिन आणि रंग यांचा उल्लेख केला आहे, परंतु या गाडीचा निकाल चेसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर लागणार आहे. मासळी बर्फात भरून नेतात आणि वितळलेल्या बर्फाचे खारे पाणी हौद्याच्या सांध्यांतून थेट खाली चेसिसवर ठिबकत राहते. इंजिन पुन्हा बांधता येते, गिअरबॉक्स बदलता येतो. आतून कुजलेली चेसिस मात्र दुरुस्त झाली असे मी मानत नाही, मग तिच्यावर कितीही पट्ट्या मारून वेल्डिंग केलेले असो. म्हणून गाडी रॅम्पवर चढवून, आपल्या विश्वासातील मिस्त्रीला सोबत घेऊन, मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) हँगर, मागच्या धुरीवर (अ‍ॅक्सलवर) चेसिस जिथे वर उचललेली असते तो भाग, आडव्या पट्ट्यांचे जोड आणि हौद्याचा तळ छोट्या हातोडीने ठोकून पाहावा. निकोप लोखंड खणखणीत वाजते, कुजलेले बद्द वाजते आणि गंजाचे पापुद्रे गळतात. खालच्या बाजूला ताजा काळा रंग फासलेला आढळला, तर तो खरवडून पाहू देण्याची अट घालावी आणि मालक नाही म्हणाला तर तिथेच व्यवहार थांबवावा. ब्रेकच्या लोखंडी नळ्याही खाऱ्या पाण्याने खाल्ल्या जातात. भरलेल्या गाडीची नळी घाटात फुटली तर काय होईल, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

मीटरच्या आकड्यावर माझा विश्वास नाही. रत्नागिरी ते कोल्हापूर हे अंतर एकेरी सुमारे १३० किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन २६० झाले. त्या हिशेबाने ९४,००० किलोमीटरमध्ये जेमतेम ३६० फेऱ्या बसतात. पावसाळ्यातील मासेमारी बंदीचे दोन महिने वगळले आणि गाडी बारा वर्षे चालली असे धरले, तरी महिन्याला तीनच फेऱ्या होतात, आणि मासळीच्या धंद्यातील गाडी इतकी कमी चालत नाही. क्लच-ब्रेकच्या पेडलचे रबर, स्टिअरिंगची झीज आणि चालकाच्या आसनाची बैठक यांवरून खरा अंदाज येतो.

इंजिन पाहण्यासाठी सकाळी न कळवता जावे आणि बॉनेटखाली हात लावून ते थंड असल्याची खात्री करूनच ते सुरू करावे. गरम करून ठेवलेले इंजिन आपले दोष लपवते. ते चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण उघडल्यावर धुराचे लोट जोराने बाहेर येत असतील किंवा सायलेन्सरमधून निळसर धूर सतत येत असेल, तर ‘नुकतेच झालेले काम’ वरवरचे आहे. त्यानंतर हौद्यात टनभर वजन घालून रत्नागिरीजवळच्या निवळीच्या घाटात गाडी चालवून पाहावी. रिकाम्या गाडीवर घसरणारी क्लच प्लेट किंवा मागच्या चाकांना फिरवणाऱ्या डिफरन्शियलचा आवाज सहसा कळत नाही.

साठ क्रेटचा प्रश्न सोपा आहे. टोमॅटोचा क्रेट २० किलोचा धरला, तर माल १,२०० किलो झाला; रिकाम्या क्रेटचे वजन आणि सोबतची माणसे वेगळी. आरसीवरील (नोंदणी प्रमाणपत्रावरील) एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करावे. उरलेला आकडा या सर्व भाराला पुरत नसेल, तर पाटे वाढवून जास्त माल भरण्याचा मोह टाळावा.

कागदपत्रांत ढिलाई अजिबात नको. चेसिसवर कोरलेला क्रमांक आरसीशी जुळवावा. ई-चलन, कर आणि पर्यावरण कर थकलेला नाही ना हे तपासावे. बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचा फॉर्म ३५ घ्यावा. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीचे फिटनेस (योग्यता प्रमाणपत्र) दरवर्षी करावे लागते, त्यामुळे ते कधी संपते हे पाहावे. गाडी २०२८ मध्ये १५ वर्षांची होईल आणि वाढत्या वयाबरोबर फिटनेसचे शुल्कही चढते, हे किंमत ठरवताना विसरू नये. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही त्याच्यासमक्ष घ्यावी. नाव बदलण्यासाठी कायद्याने आपल्याला ३० दिवस दिले आहेत, आणि विमाही लगेच आपल्या नावावर करून घ्यावा.

हातोडीच्या परीक्षेत चेसिस नापास झाली, तर ही गाडी लाख रुपयांनाही घेऊ नये. ती पास झाली, तरी टायर, ब्रेकच्या नळ्या आणि पाट्यांचे बुश यांचा खर्च मिस्त्रीकडून लिहून घ्यावा, तेवढी रक्कम किंमतीतून कमी करून मागावी, आणि टोमॅटोचा तोडा सुरू होण्यापूर्वी ही कामे उरकून घ्यावीत.