विचारा तर खरं : वांगी घरीच ठेवा, मसाला न्या

प्रश्न : आम्ही दोघं नोव्हेंबरात जर्मनीला लेकीकडे चाललोय, तिचं बाळंतपण आहे, तीन महिने राहू. विमानात पहिल्यांदाच बसणार. जावई म्हणतात इथे सगळं मिळतं, काही आणू नका, आणि लेक हळूच फोन करून सांगते की आई, काळा मसाला, कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ आणि भरताची वांगी आणच. ऐकायचं कोणाचं? यांना शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे.
– एक आई, फैजपूर

उत्तर : ताई, लेकीचं ऐका, फक्त वांगी सोडून.

पण खाण्याच्या आधी तारखा मोजा. शेंगेन व्हिसावर (जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालतो तो) 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, त्यात उतरायचा आणि निघायचा दिवस दोन्ही धरतात. 1 नोव्हेंबर ते 31 जानेवारी म्हणजे आपल्या बोलण्यात तीन महिने, मोजले तर 92 दिवस! तिकीट काढून बसला असाल तर आजच बघून घ्या. व्हिसासाठी निदान 30,000 युरोचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो, तो घेताना दादांची शुगर लपवू नका, नाहीतर गरज पडेल तेव्हाच क्लेम अडकतो.

औषधं सगळी हातातल्या बॅगेत. इन्सुलिन तर खालच्या सामानात टाकूच नका, तिथे ते गोठू शकतं आणि एकदा गोठलं की फेकायच्याच लायकीचं. गोळ्या स्ट्रिपसकट न्या, सुट्या करून डबीत भरू नका, आणि डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या, त्यात कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं, म्हणजे तिकडच्या डॉक्टरलाही कळतं. स्वतःपुरती तीन महिन्यांची औषधं जर्मनीत नेता येतात, तेवढीच न्या.

आता खाणं. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे घरचं तूप, खवा, पेढे सगळं बाद. तूप तिकडे बिनमिठाच्या बटरचं मस्त कढतं, लेकीला विचारा, ती करतच असेल. बाळंतिणीच्या लाडवांसाठी डिंक, खारीक, सुंठ इथून न्या आणि लाडू तिकडे वळा. ताज्या भाज्या-फळांना रोगकीड नसल्याचा सरकारी दाखला लागतो, म्हणून बामणोदची वांगी कितीही डोळ्यासमोर आली तरी नाही, आणि कढीपत्ताही नाही. गंमत म्हणजे केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन एवढ्या पाच फळांना तो दाखला लागत नाही, म्हणजे रावेर-यावलची केळी कायद्याने चालतात, पण मुंबईपर्यंतची गाडी आणि पुढे विमान असं करून पोचेपर्यंत त्यांचं काय होईल ते तुम्हाला मी सांगायला नको. वेफर्स न्या.

काळा मसाला स्टीलच्या डब्यात नेऊ नका, डबाच वजन खातो. पाव-पाव किलोच्या जाड पिशव्या करा, हवा काढून तोंड सील करा (किराणावाल्याकडे मशीन असतं, ओळखीचा असेल तर पैसेही घेत नाही), ती दुसऱ्या पिशवीत घाला, मग जुन्या टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या बरोब्बर मध्यात ठेवा, कडेला ठेवलं आणि पिशवी फाटली की सगळ्या साड्यांना फोडणीचा वास. प्रत्येक पिशवीवर इंग्रजीत लिहा, मसाला का पीठ ते. कळण्याचं करडं पीठ बघून कस्टमवाला विचारणारच, तेव्हा चिठ्ठी बोलेल. तिखट, मसाला, लोणचं हातातल्या बॅगेत नको, मोठ्या बॅगेतच. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर कुठल्याच बॅगेत नको, त्यात तेल असतं म्हणून ती पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात. बिबडे (ज्वारीचे पापड) थोडे न्या, कुरडया माझ्या मते नकोच, जागा फार खातात आणि पोचतो तो चुरा.

बऱ्याच विमान कंपन्या एका बॅगेला 23 किलो देतात, तुमच्या तिकिटावर काय लिहिलंय ते बघा आणि घरी 22 वरच थांबा. दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत अर्धे-अर्धे भरा, एक बॅग मागे राहिली तरी दोघांचं भागेल. आणि हो, निघायच्या आदल्या दिवशी कोणीतरी येईलच, "माझ्या पोरासाठी एवढं छोटं पार्सल" घेऊन. गोड बोलून नाही म्हणा. विमानतळावर विचारतात बॅग स्वतः भरली का, आत काय आहे, आणि उत्तर तुम्हाला द्यायचंय, त्यांना नाही.

प्रश्न : आम्ही कुटुंब दुबई फिरायला जातोय, तिथे स्वयंपाक करूनच खाऊ. मसाल्यात काही अडतं का?
– अमळनेर

उत्तर : अडतं, खसखस. युएईत तिला बंदी आहे, अगदी चमचाभरही. घरच्या वाटलेल्या मसाल्यात खसखस घालत असाल तर तो मसालाही नेऊ नका, तिथे तयार मिळतो. खोकल्याच्या औषधात कोडीन किंवा दुखण्याच्या गोळीत ट्रामाडॉल आहे का तेही लेबल वाचून बघा, त्यांना आधी परवानगी लागते. बाकी हळद-धणे बिनधास्त न्या.

प्रश्न : एमएससाठी अमेरिकेला चाललोय. आई मिक्सर द्यायचा म्हणतेय. पॉवर बँक कुठे ठेवू?
– धुळे

उत्तर : पॉवर बँक हातातल्या बॅगेत, खालच्या सामानात चालत नाही. मर्यादा साधारण 100 वॉट-अवरची असते, 20,000 एमएएचची 74 च्या आसपास भरते, चिंता नको. मिक्सर मात्र आईलाच राहू दे. आपल्याकडे 230 व्होल्ट, तिकडे 120, नुसती पिन बदलून आपला मिक्सर तिथे नीट फिरत नाही. मोबाईल-लॅपटॉपच्या चार्जरवर 100-240 लिहिलेलं असतं, त्यांना फक्त पिनचा अडॅप्टर घे, आणि तो इथूनच घे.