दाढेचं इंजेक्शन चढलंच नाही, असं का?

प्रश्न: सर, वरची दाढ काढायला गेलो तेव्हा गाल सुजलेला आणि आत पू होता. डॉक्टरनी इंजेक्शन दिलं, थोडं जड वाटलं पण दाढेला पकड लावल्याबरोबर ब्रह्मांड आठवलं. पाच दिवस गोळ्या खाऊन सूज उतरल्यावर परत गेलो, तेच इंजेक्शन, आणि दाढ कधी निघाली कळलंच नाही. पहिलं एक्सपायरी झालेलं होतं काय? (एक वाचक, फोंडा)

उत्तर: नाही हो, औषध बरोबरच असणार, अडलं ते वाटेत.

नसेच्या पेशीवरचा पडदा म्हणजे भिंत असं शाळेत शिकवतात, मला ते पटत नाही, हुमणावरचा तेलाचा तवंग म्हणा, कारण तो चरबीचाच असतो. तवंगात मीठ विरघळत नाही ना, तसेच मिठातले सोडियमचे विद्युतभारित कण त्या पडद्यातून आत जाऊ शकत नाहीत, त्यांना प्रोटीनचं दार लागतं, ते म्हणजे आयन चॅनेल. दुखलं की एक दार उघडतं, बाहेरचं सोडियम आत घुसतं, त्याने व्होल्टेज बदलतं म्हणून शेजारचं दार उघडतं, मग त्याच्या पुढचं, चतुर्थीतली फटाक्यांची माळ पेटावी तसं मेंदूपर्यंत. एक दार उघडं राहतं ते जेमतेम सेकंदाचा हजारावा भाग. हे गणित हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी १९५२ साली मांडलं, तेही माणसाच्या नव्हे तर माणकीच्या (स्क्विडच्या) नसेवर, कारण तिची एक नस नुसत्या डोळ्यांनी दिसेल एवढी जाड असते! (आपण तिचं रवा फ्राय करतो.)

आता तुमचं इंजेक्शन. त्यातलं बधिर करणारं औषध, लिग्नोकेन, हेच दार बंद करतं, पण आतल्या बाजूने. म्हणजे आधी त्याला तवंग ओलांडून पेशीत जायला हवं आणि ते जमतं फक्त त्याच्या भार नसलेल्या रेणूंना. निरोगी हिरडीत, पीएच (आम्लतेचं माप) ७.४ असताना, साधारण पाव हिस्सा रेणू तसे असतात. पू झालेली जागा आम्लधर्मी, तिथे बहुतेक रेणूंवर भार चढतो आणि ते बाहेरच अडकतात. त्यात सुजेमुळे रक्तपुरवठा वाढलेला, तो औषध लवकर वाहून नेतो, आणि सुजलेली नस आधीच चिडलेली. गोळ्यांनी पू गेला तेव्हा तेच औषध आत शिरलं, एवढंच.

केंड माशाचं (पफरफिशचं) विष याच दारात बाहेरून बूच मारतं, शिजवून जात नाही आणि श्वासाचे स्नायूसुद्धा थांबवतं, तेव्हा जाळ्यात आला तर चव बघायच्या भानगडीत पडू नका.

आणि इंजेक्शन उतरेपर्यंत गरम चहा नको, गाल आतून भाजला तरी कळत नाही, मी भाजून घेतलाय.