ख्रिस्ती लोक मयतीत गाणी का म्हणतात? स्वर्गाच्या आशेने खरंच धीर येतो का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या गावातल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांचा तरुण मुलगा गेला. मयतीला बाजाच्या पेटीवर गाणी चालली होती, आणि त्याची माय "स्वर्गात भेटू" असं म्हणत होती. ते ऐकून तुम्हाला कसंतरी झालं. हा खरा धीर आहे की दुःखावरची अफूची गोळी, असं तुम्ही विचारलंय. आणि आपल्या भागातल्या कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला असल्या बोलण्याचा काय उपयोग, असंही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहतो. सहा एकर कोरडवाहू, त्यात कपाशी आणि तूर. 1899-1900 च्या दुष्काळात माझे पणजोबा अनाथ झाले आणि मिशनच्या अनाथाश्रमात वाढले, तेव्हापासून आमचं घर ख्रिस्ती. तुमच्या शेजाऱ्यांच्या घरात जे घडलं ते आमच्याही घरात घडलंय, म्हणून उत्तर लिहायला बसलो.

2017 चा पावसाळा तुम्हाला आठवत असेल. त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारा वर धरावा लागायचा आणि औषध वाऱ्याने तोंडावर यायचं. उकाडा असा की अंगात सदरा ठेववत नव्हता. किडी काही केल्या मरत नव्हत्या, म्हणून लोक दोन-तीन औषधं एकत्र करून मारत. त्या हंगामात जिल्ह्यात विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली. माझा धाकटा भाऊ त्यातला एक. संध्याकाळी शेतातून आला, डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणाला, रात्री उलट्या सुरू झाल्या, आणि चौथ्या दिवशी आम्ही त्याला घरी आणलं ते तसंच. वहिनीच्या कडेवर तेव्हा दीड वर्षाचं लेकरू होतं.

त्याच्या मयतीतही आम्ही गाणी म्हटली. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, म्हणतात त्यातली बरीच गाणी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची, अभंगाच्या आणि भजनाच्या वळणाची. चार ओळी म्हणायच्या की आवाज फुटायचा, मग बाजूचा कुणी ती ओळ उचलायचा. गाणं म्हणणारा माणूस रडत नाही, असा तुमचा समज झाला असेल तर तो काढून टाका. एकट्याला जे उचलत नाही ते दहा जणांनी उचलायचं, खांदा देतात तसं. आमच्याकडे गाण्याचं काम ते.

बायबलमध्ये लाजराची गोष्ट आहे. येशूचा हा मित्र मेला. आपण त्याला आता उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी कबरेकडे जाताना तो रडला. पाच मिनिटांनी मित्र जिवंत होणार हे माहीत असलेला माणूस रडतो, मग आम्ही न रडणारे कोण? येशूचा प्रेषित पौल याने थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला लिहिलं, तेही असं की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका. शोकच करू नका, असं तो म्हणाला नाही. हे आमच्यातल्याही पुष्कळांना कळत नाही. भाऊ गेला त्या आठवड्यात एक पाहुणे वहिनीसमोर बसून म्हणाले, "तो सुखात आहे, तू रडून त्याला त्रास देऊ नको." ती उठून आत गेली आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही. अशा बोलण्याला तुम्ही अफू म्हणालात तर मी तुमच्याशी वाद घालणार नाही.

आता 'स्वर्ग' या शब्दाकडे येतो, कारण बरीच गफलत तिथेच होते. आपल्या मराठीत स्वर्ग म्हटलं की पुण्याची कमाई डोळ्यांपुढे येते. गीतेच्या नवव्या अध्यायात सांगितलंय की पुण्य सरलं की माणूस स्वर्गातून परत मृत्युलोकात येतो. आम्ही शब्द तोच वापरतो, पण आमच्या मनात वेगळं असतं. येशूच्या शेजारच्या क्रुसावर एक चोर होता. त्याच्याकडे ना पुण्य होतं, ना ते कमवायला वेळ. "माझी आठवण ठेव" एवढंच तो म्हणाला, आणि "आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील" असं त्याला उत्तर मिळालं. त्यामुळे आमचा स्वर्ग कमावलेला नसतो, दिलेला असतो, आणि तिथून परत धाडत नाहीत. माझा भाऊ काही संत नव्हता. रागीट होता, उपासनेला दांड्या मारायचा. त्याच्या कमाईवर भरवसा ठेवायचा असता तर मला रात्री झोप आली नसती.

आणि हा स्वर्ग म्हणजे ढगांवरचं एखादं गाव आहे, जिथे शेतं, माती सगळं मागे टाकून जायचं, असंही नाही. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात योहानाला जे दिसतं ते नीट वाचा. तिथे माणसं वर जात नाहीत, देवाचं नगरच खाली उतरतं, आणि देव माणसांमध्ये राहायला येतो. डोळ्यांचं पाणी तो स्वतः पुसतो. त्याच्या कितीतरी शतकं आधी यशया संदेष्ट्याने नव्या आकाशाबरोबर नव्या पृथ्वीची गोष्ट सांगितली. त्याच्या पासष्टाव्या अध्यायात म्हटलंय की लोक घरं बांधतील आणि स्वतःच त्यांत राहतील. मळे लावतील आणि त्यांचं फळ स्वतः खातील. एकाने लावायचं आणि दुसऱ्याने खायचं, असं होणार नाही. आमचे आबाजी हा अध्याय वाचायचे तेव्हा त्या ओळीवर थांबायचे. त्यांच्या बापाने लावलेल्या कपाशीचा पैसा किती वर्षं सावकाराच्या घरी गेला, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. चष्मा काढून म्हणायचे, "हे आपल्यासाठीच लिवलं हाय बाप्पा."

म्हणून ही आशा शेतकऱ्याला गप्प बसवते, हे मला पटत नाही. एकाने लावावं आणि दुसऱ्याने खावं हे देवाला मंजूर नाही, हे ज्याच्या मनात पक्कं बसलं, तो बाजारात भाव पाडून माल घेणाऱ्यापुढे मान खाली घालून उभा राहत नाही. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचं आयुष्य बघा. 1874 च्या दुष्काळाच्या दिवसांत आईवडील गेले, मोठी बहीण गेली, मग भाऊ, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच नवरा. स्वर्गाची वाट बघत हातावर हात ठेवून बसायला त्यांच्याइतकं कारण कुणाकडे होतं? पण 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात फिरल्या आणि उपाशी मुलींना आपल्यासोबत घेऊन गेल्या, शेकडोंनी. 1921 साली एकुलती एक लेक मनोरमा गेली. त्यानंतरही त्यांचं मराठी बायबलच्या भाषांतराचं काम थांबलं नाही. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, तोवर ते काम त्यांनी हातावेगळं केलं होतं.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आशेला जिवाचा नांगर म्हटलंय. आमच्याकडे समुद्र कुठला! लहानपणी मला वाटायचं, हा आपला शेतातला नांगर. उन्हाळ्यात ढेकळं फोडतो तो. पाळकांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, समजावलं की हा जहाजाचा नांगर, वादळात जहाज धरून ठेवणारा. भाऊ गेल्यावर मला दोन्ही अर्थ कळले. त्या वर्षी घर धरून ठेवायला जहाजाचा नांगर लागला, आणि पुढच्या मे महिन्यात, कशालाच हात लावावासा वाटत नसताना, शेतातला. पौल एका ठिकाणी लिहितो की नांगरणाऱ्याने आशेने नांगरावं. आशा नसेल तर कोण नांगरेल हो, आपल्या या पावसाच्या भरवशावर?

स्तोत्रांच्या पुस्तकात 126 वं स्तोत्र आहे. जे रडत पेरतात ते आनंदाने कापणी करतील, असं त्यात म्हटलंय. शहरातल्या माणसाला प्रश्न पडतो, पेरताना रडायचं कशाला? आपल्याला नाही पडत. बियाणं उधारीचं. पहिली पेरणी मोडली की बायकोच्या डोरल्यावर दुबार पेरणी. घरात खाणारी तोंडं असताना मूठभर दाणे मातीत टाकायचे, आणि ते दिसेनासे होतात. भावाला पुरल्यानंतरच्या वर्षी पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठला त्या ईस्टरच्या दिवशी, आम्ही पहाटे कबरस्थानात गेलो. दर वर्षी जातो, सगळी मंडळी, मेणबत्त्या घेऊन. माय कबरेपाशी वाकली, वरची माती हातात घेतली, चुरली, आणि मला म्हणाली, "मी त्याले मातीत टाकलं नाई, पेरलं हाय." करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात पौलाने हेच सांगितलंय, पेरतात एक आणि उगवतं एक. माय शाळेत गेलेली नाही. तिने ते उपासनेत ऐकलं असेल, पण मला तरी ते तिच्या शेतातून आल्यासारखं वाटलं.

आपल्या भागात हे लिहिताना आणखी एक सांगायलाच हवं. कुणी म्हणेल, तिकडे इतकं चांगलं आहे तर इथलं ओझं वाहायचं कशाला? पौल कैदेत होता तेव्हा त्यालाही जावंसं वाटत होतं. फिलिप्पैकरांना त्याने तसं उघड लिहिलं, आणि लगेच लिहिलं की तुमच्यासाठी माझं इथे राहणं जास्त गरजेचं आहे. तुमच्या ओळखीत कुणी असं बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका, आणि 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आधाराच्या, नंबरवर त्याच्यासोबत बसून फोन लावा. जे त्या वाटेने गेले त्यांच्यासाठी दार बंद झालं, असं मी कधीच म्हणणार नाही. तो हक्क देवाने मला दिलेला नाही.

धीर खरंच येतो का? येतो, पण रोज नाही. कित्येक रात्री मला काही जाणवलं नाही, नुसता अंधार. त्या दिवसांत माझ्या वाटची आशा मंडळीने धरून ठेवली. त्या दिवाळीनंतर आमचा कापूस फुटून उभा होता आणि घरात कुणाला उठवत नव्हतं. एका सकाळी पाळक आणि मंडळीतल्या नऊ-दहा बाया ओटी बांधून थेट शेतात आल्या. तीन दिवस वेचणी केली, मजुरी घेतली नाही. उपदेशाचा एक शब्द कुणी काढला नाही. जेवायच्या वेळी पाळकांनी भाकरी मोडून प्रार्थना केली तेवढीच.

आता तुमच्या शेजाऱ्यांचं. तुम्ही ख्रिस्ती नाही म्हणून काय बोलावं हे कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. काही बोलायची गरज नाही. जा, बसा, चहा दिला तर घ्या. त्या पोराचं नाव घ्या, तो शाळेत कसा होता, बैलाला कसा हाकायचा, ते विचारा. लोक दोन महिन्यांनी नाव घ्यायचं थांबवतात आणि घरच्यांना ते फार लागतं. वेचणीचे दिवस असतील तर एक दिवस हात लावा. आणि मार्च-एप्रिलमध्ये त्यांना विचारा, पुनरुत्थानाच्या रविवारी कबरस्थानात मी आलो तर चालेल का. ते नाही म्हणणार नाहीत. पहाटे पाचच्या आत निघावं लागतं. तिथे वारा असतो, मेणबत्त्या विझत राहतात, म्हणून खिशात काडीपेटी असू द्या.