रेड कार्पेटवर शाश्वत फॅशनचा प्रचार केल्याने खरोखर काही साधते का?

आपण प्रश्नासोबत लिहिले आहे की आपण फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि एका मराठी चित्रपट पुरस्कार सोहळ्यासाठी एका अभिनेत्रीचा पोशाख करण्याचे काम आपल्याकडे आले आहे. प्लास्टिकच्या बाटल्यांपासून काढलेल्या धाग्याचा गाऊन करावा, हातमागाचे कापड घ्यावे, की हा सगळा देखावाच आहे असे समजून नेहमीसारखे काम करावे, अशा पेचात आपण आहात. पुरस्कार सोहळ्यांचे पोशाख ठरवणाऱ्या मुंबईतील एका स्टुडिओत मी काही वर्षे काम केले आहे, त्या आधारावर हे उत्तर देत आहे.

साधते, पण ते कापडामुळे फारसे साधत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या मते जगातील हरितगृह वायूंच्या उत्सर्जनातील फॅशन उद्योगाचा वाटा २ ते ८ टक्के आहे. एवढ्या मोठ्या कारभारात एका गाऊनचे कापड सेंद्रिय होते की नव्हते याने काडीचाही फरक पडत नाही. रेड कार्पेटची ताकद वेगळ्या ठिकाणी आहे. लोकांनी काय मिरवावे आणि कशाची लाज बाळगावी हे तिथे ठरते, आणि तिथून ते लग्नसराईच्या दुकानांपर्यंत पोहोचते. म्हणून कोणताही ‘हरित’ पोशाख दिसला की त्यामुळे लोकांच्या डोक्यातील कोणती समजूत हलली, हा प्रश्न मी आधी विचारते.

हे नीट कळण्यासाठी रेड कार्पेटचा व्यवहार कसा चालतो ते पाहावे लागेल. अभिनेत्री सहसा तो पोशाख विकत घेत नाही. फॅशन हाऊस तो उसना देते किंवा तिच्यासाठी मुद्दाम शिवते, स्टायलिस्ट मध्यस्थी करते, आणि मोबदल्यात त्या नावाची छायाचित्रे जगभर छापून येतात. ज्या हाऊसचा गाऊन फक्त दोन-चार जणींना परवडतो, त्याच हाऊसचे अत्तर, लिपस्टिक आणि गॉगल लाखो जणी घेतात, आणि खरा धंदा त्यांच्यावर चालतो. एका संध्याकाळीसाठी वेगवेगळ्या शहरांतून कुरियरने अनेक पोशाख येतात, ट्रायल होतात, एक निवडला जातो आणि बाकीचे पुन्हा विमानात चढतात. म्हणजे ही मुळातच नव्या मालाची जाहिरात आहे. त्या जाहिरातीच्या जागेवरून कमी घ्या, पुन्हा वापरा असे सांगायचे, यात विसंगती आहेच, आणि ती मान्य करूनच पुढे जावे लागते.

ही विसंगती अंगावर घेऊन सर्वांत जास्त गाजलेला प्रयत्न म्हणजे पर्यावरणपूरक फॅशनसाठी काम करणाऱ्या लिव्हिया फर्थ यांचे ‘ग्रीन कार्पेट चॅलेंज’. त्यांचे तेव्हाचे पती, अभिनेते कॉलिन फर्थ, यांना २०१० च्या पुरस्कार-हंगामात नामांकने मिळत होती, आणि प्रत्येक सोहळ्याला पर्यावरणाचा विचार करून केलेलाच पोशाख घालायचा असे लिव्हिया यांनी ठरवले. सुरुवातीला हा एका व्यक्तीचा हट्ट होता, पण तो लवकरच मोठ्या फॅशन हाऊसच्या कार्यशाळांपर्यंत पोहोचला. २०१२ च्या ऑस्करला मेरिल स्ट्रीप यांनी उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार स्वीकारला तेव्हा त्यांच्या अंगावर लाँव्हाँ या फ्रेंच फॅशन हाऊसचा सोनेरी गाऊन होता, आणि त्याचे कापड याच उपक्रमातून प्रमाणित स्रोताकडून मिळवलेले होते. सप्टेंबर २०१७ मध्ये मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात ‘ग्रीन कार्पेट फॅशन अवॉर्ड्स’ हा स्वतंत्र सोहळाच सुरू झाला. एवढ्या प्रतिष्ठेच्या प्रसंगी कापड कुठून आले असा प्रश्न कुणीतरी विचारला की हाऊसला आपल्या पुरवठादाराला, आणि पुरवठादाराला सूतगिरणीला तो विचारावा लागतो. माझ्या मते या उपक्रमाची खरी कमाई ही प्रश्नांची साखळी होती. गाऊन हे फक्त निमित्त होते.

बाटल्यांच्या धाग्याविषयी बोलायचे तर आपल्या मनात बहुधा अभिनेत्री एमा वॉटसनचा २०१६ च्या मेट गालातील, म्हणजे न्यूयॉर्कच्या वार्षिक फॅशन सोहळ्यातील, पोशाख असावा. कॅल्व्हिन क्लाइन आणि लिव्हिया फर्थ यांच्या संस्थेने तो मिळून केला होता. काळ्या-पांढऱ्या रंगाच्या त्या पोशाखाचे मुख्य कापड प्लास्टिकच्या जुन्या बाटल्यांपासून काढलेल्या धाग्याचे होते, आतल्या थरांत सेंद्रिय सूत आणि सेंद्रिय रेशीम होते, आणि चेनसुद्धा (झिप) पुनर्वापरित साहित्याच्या होत्या. बातम्यांमध्ये बाटल्याच गाजल्या. मला मात्र त्यातील दुसरी गोष्ट अधिक शिकण्यासारखी वाटते, ती म्हणजे त्याची रचना. वरचा बस्टिए (अंगाला घट्ट बसणारी बिनबाह्यांची चोळी), खालची पँट आणि मागे लोळणारा घोळ हे तिन्ही भाग सुटे होते, जेणेकरून पँट एरवी घालता यावी, बस्टिए दुसऱ्या कशावर चालावा आणि घोळ पुढच्या एखाद्या सोहळ्याला वापरता यावा. एका रात्रीच्या पोशाखात शिवतानाच पुढच्या रात्रींची सोय करून ठेवणे हे कोणत्याही साध्या शिंप्याला जमण्यासारखे आहे, आणि त्यासाठी परदेशी धागा लागत नाही.

बाटल्यांच्या धाग्याबद्दल मी जरा हात राखून बोलते, त्याला कारण आहे. बाटली आणि पॉलिस्टर हे रासायनिकदृष्ट्या एकच, त्यामुळे बाटली वितळवून धागा काढणे सोपे जाते. पण बाटलीपासून पुन्हा बाटली करता येते, तर त्याच प्लास्टिकचा एकदा कपडा झाला, त्यात इलॅस्टेन (ताणला जाणारा धागा) मिसळले, त्यावर टिकल्या आणि अस्तर आले, की त्याचा प्रवास बहुधा तिथेच संपतो. एलन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालानुसार कपड्यांसाठी वापरलेल्या साहित्यापैकी १ टक्क्याहूनही कमी साहित्य पुन्हा कपड्यांत येते. शिवाय असे कापड धुतले की त्यातून सूक्ष्म तंतू पाण्यात जातातच, मग ते नव्या प्लास्टिकचे असो वा जुन्या. तेव्हा अशा कापडाचा उपयोग जरूर करा, परंतु त्याला त्याच्या लायकीपेक्षा मोठा मान देऊ नका.

दाव्यांच्या बाबतीत तर मी अधिकच कडक झाले आहे. आमच्याकडे एकदा एका लेबलकडून आलेल्या गाऊनसोबतच्या प्रसिद्धी-पत्रकात तो पूर्णपणे सेंद्रिय रेशमाचा असल्याचे लिहिले होते. इस्त्रीसाठी तो उलटा केला तेव्हा बाजूच्या शिलाईत बोटाएवढे लेबल सापडले. त्यावर अस्तर शंभर टक्के पॉलिस्टरचे असल्याचे त्याच कंपनीने छापले होते, आणि अस्तराच्या खाली कॅनकॅनच्या, म्हणजे घेर फुगवणाऱ्या, नायलॉन जाळीचे चार थर होते. वजनाने पाहिले तर त्या गाऊनमध्ये रेशीम सर्वांत कमी असावे. छायाचित्राखाली मात्र ‘सेंद्रिय रेशीम’ हेच छापून आले. भारतात ऑक्टोबर २०२४ पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची हरित दाव्यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे लागू आहेत, आणि पुराव्याशिवाय ‘पर्यावरणपूरक’ यांसारखे मोघम शब्द जाहिरातीत वापरणे त्यांना मान्य नाही. आपण लिहिणार असलेल्या दोन ओळींच्या मजकुरालाही हीच शिस्त लावा. जेवढ्याची पावती आपल्याजवळ आहे तेवढेच लिहा.

आता ज्या गोष्टीसाठी पावती लागत नाही तिच्याकडे येते. रेड कार्पेटवर शाश्वततेचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक प्रचार म्हणजे तोच पोशाख पुन्हा घालणे. अलीकडच्या काळातील जी उदाहरणे लोकांच्या लक्षात राहिली ती बहुतेक याच जातीची आहेत. २०१८ च्या ऑस्करला रिटा मोरेनो यांनी १९६२ साली स्वतःचा ऑस्कर घेताना घातलेला गाऊन घातला, फक्त त्याच्या गळ्याचा भाग बदलून घेतला होता. त्याच सोहळ्यात टिफनी हॅडिश अलेक्झांडर मॅक्वीनच्या पांढऱ्या गाऊनमध्ये मंचावर आली. तो तिने स्वतः चार हजारांहून अधिक डॉलर मोजून घेतला होता आणि आधीही घातला होता, आणि एवढे पैसे दिल्यावर तो हवा तितक्या वेळा घालणारच, असे ती मोकळेपणाने सांगत असे. २०२० च्या ऑस्करला जेन फोंडा २०१४ मध्ये फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवाला घातलेल्या, एली साब या डिझायनरच्या लाल गाऊनमध्ये आल्या. केट ब्लँचेट यांनी २०१४ च्या गोल्डन ग्लोबचा अर्मानीचा काळा लेसचा गाऊन २०१८ मध्ये कानला पुन्हा घातला, आणि तेव्हा त्या तिथल्या परीक्षक मंडळाच्या अध्यक्ष होत्या. अध्यक्षपदावरील स्त्रीने जुना गाऊन घातला की ‘हिच्याकडे दुसरा नाही’ असे म्हणण्याची सोयच उरत नाही.

(पुरुषांची गंमत वेगळीच आहे. वाकिन फीनिक्सने २०२० चा अख्खा पुरस्कार-हंगाम स्टेला मॅकार्टनीच्या एकाच टक्सिडोत काढला तेव्हा त्याचे कौतुक झाले, आणि त्यावर अनेकांनी विचारले की बाकीचे पुरुष दरवर्षी दुसरे काय करतात. प्रश्न रास्त होता.)

आपल्याकडे या बाबतीत सर्वांत मोठे काम, माझ्या मते, आलिया भट्टने केले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी दिल्लीत राष्ट्रपतींच्या हस्ते राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार स्वीकारताना तिने एप्रिल २०२२ मधील स्वतःच्या लग्नाची सब्यसाचीची हस्तिदंती साडी नेसली होती. लग्नाचा शालू ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवायचा आणि वर्षातून एकदा घडी बदलायची, एवढाच त्याचा पुढचा प्रवास असे मानणाऱ्या घरांमध्ये त्या एका छायाचित्राने जी चर्चा घडवली, ती कोणत्याही पुनर्वापरित धाग्याने घडवली नसती. आमच्याकडे येणाऱ्या मुलींनी त्यानंतर आईच्या लग्नातली साडी सोहळ्याला नेसता येईल का, असे विचारायला सुरुवात केली. पूर्वी हा प्रश्न क्वचितच येत असे, आणि आला तरी बजेट कमी असल्याची कबुली दिल्यासारखा दबक्या आवाजात येई.

आपले काम मराठी सोहळ्यासाठी आहे, म्हणून हातमागाचाही विचार सांगते. येवल्याच्या हाताने विणलेल्या पैठणीचा पदर उलटून पाहा. मोर, पोपट, वेल जसे समोर दिसतात तसेच मागेही स्वच्छ दिसतात. यंत्रमागावरच्या नकलेत मागच्या बाजूला मोकळे सुटलेले किंवा कापलेले धागे दिसतात. हातमाग विजेवर चालत नाही आणि त्यावर विणकराचे घर चालते, ही त्याची जमेची बाजू झाली. तरीही हातमाग म्हणजे आपोआप निर्दोष असे नव्हे. रंग कोणते आहेत, सांडपाणी कुठे जाते, विणकराला किती आणि केव्हा पैसे मिळतात हे विचारावे लागते, आणि आजची बरीचशी जर प्लास्टिकच्या पातळ फितीवर धातूचा मुलामा देऊन केलेली असते हेही ध्यानात ठेवावे लागते. जुन्या खऱ्या जरीच्या साड्यांचे दुर्दैव त्याहून मोठे आहे, कारण त्यातल्या कित्येक चांदीसाठी जाळल्या गेल्या. आजही जुनी जर विकत घेणारे फिरत असतात, आणि वापरात नसलेली साडी त्यांच्या हाती सहज लागते.

जुन्या साड्यांना बाजारात मान मिळवून देण्याचे काम मुंबईत झालेही आहे. ‘आय वॉज अ सारी’ हा २०१३ मध्ये सुरू झालेला उपक्रम वापरलेल्या साड्यांपासून वस्तू आणि कपडे तयार करतो, आणि ते काम मुंबईच्या वस्त्यांमधील स्त्रिया करतात. २०१९ मध्ये त्याला ला स्कालातील त्याच ग्रीन कार्पेट सोहळ्यात पुरस्कार मिळाला. वैशाली षडांगुळे या मुंबईच्या डिझायनर जुलै २०२१ मध्ये पॅरिसच्या ओत कुत्युर (हाताने मुद्दाम बेतून शिवलेल्या उंची पोशाखांच्या) सप्ताहात पोहोचल्या, त्याही भारतीय हातमागाचे कापड घेऊनच. या दोन्हींकडे पाहिल्यावर ‘शाश्वत’ म्हणजे गोणपाटासारखे काहीतरी राखाडी आणि रुक्ष, ही समजूत डोक्यातून जाईल.

आपल्या कामासाठी माझा सल्ला असा आहे की कापड निवडण्याआधी अभिनेत्रीच्या आणि तिच्या घरच्यांच्या कपाटात काय आहे ते विचारा. एखादी जुनी साडी मिळाली तर ती लगेच कापू नका. आधी उजेडात धरून घडीवर विरली आहे का ते पाहा, आणि चांगली असेल तर साडीच नेसवून सर्व मेहनत ब्लाउजवर किंवा वरच्या जॅकेटवर करा. विरलेली असेल तर काठ आणि पदर उतरवून नव्या कापडावर लावा. तिच्या प्रसिद्धीचे काम पाहणारी मंडळी बहुधा हरकत घेतील, कारण ‘रिपीट’ केल्याची कुत्सित बातमी होईल अशी त्यांना धास्ती असते. त्यावर उपाय एवढाच की ही साडी कुणाची, कोणत्या सालची, आधी कुठे नेसलेली, हे अभिनेत्रीने स्वतःच सोहळ्याच्या दिवशी सकाळी जाहीर करावे, आणि ठाऊक असेल तर विणकराच्या गावाचे नाव द्यावे. जी गोष्ट आपणच सांगितली ती कुणी ‘पकडू’ शकत नाही.

नवे काही शिवावेच लागले तर अस्तर आणि वरचे कापड शक्यतो एकाच तंतूचे घ्या, बाह्या आणि घोळ सुटे ठेवा, आणि प्रत्येक उभ्या शिलाईत दीड-दोन इंच माया (शिलाईच्या आत सोडलेले जादा कापड) ठेवायला मास्तरांना कापड बेतण्याच्या आधी सांगा. एरवी ते रिवाजाप्रमाणे अर्धा इंच ठेवून बाकीचे कापून टाकतात, आणि मग तो पोशाख पुढे तिला किंवा तिच्या बहिणीला सैल करून देता येत नाही.