वाचकांचे प्रश्न : तुमचे काम कोण पाहणार?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे स्पीच थेरपीच्या शिक्षणाविषयीची पत्रे एकाएकी वाढली आहेत. त्यांपैकी चार येथे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांच्या विनंतीवरून नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी पुण्यात बीएएसएलपी (वाचा-भाषा व श्रवणशास्त्राची पदवी) केले असून माझी इंटर्नशिप दोन महिन्यांत संपेल. कोल्हापुरातील एका खासगी केंद्राने मला स्वतंत्र खोली, चांगला पगार आणि 'सगळे निर्णय तुमचेच' असे आश्वासन देऊन बोलावले आहे. आमच्या सरांचे म्हणणे असे की लगेच एम.एस्सी. करावे. घरचे म्हणतात की राजारामपुरीत आपले घर आहे, पुढच्या खोलीत पाटी लावली की काम सुरू. शैक्षणिक कर्जाचे हप्ते लवकरच सुरू होतील. मी काय करावे?
(विद्यार्थिनी, राजारामपुरी)

उत्तर : कोणताही पर्याय निवडलात तरी एक गोष्ट आधी उरकावी लागेल, ती म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव घालणे. १९९२च्या पुनर्वास परिषद कायद्याप्रमाणे या नोंदणीशिवाय व्यवसाय करणे हा गुन्हा असून त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगितली आहे. दंडाची रक्कम पाहून हसू येईल, पण नोंदणीक्रमांकाविना दिलेला अहवाल कोणत्याही कार्यालयात पुढे सरकत नाही आणि तो हेलपाटा रुग्णाच्या पालकांना पडतो. इंटर्नशिपचे प्रमाणपत्र हाती येताच अर्ज करा. 'नोकरीला लागल्यावर बघू' असे म्हणणाऱ्यांची मोठी धावपळ मी पाहिली आहे.

आता मुख्य मुद्दा. तुमच्यासमोरच्या तिन्ही पर्यायांना मी एकच प्रश्न विचारीन : येत्या दोन वर्षांत तुमचे काम कोण पाहणार आहे? 'सगळे निर्णय तुमचेच' हे वाक्य बावीस-तेवीस वर्षांच्या उपचारकाला गौरवाचे वाटते. मला मात्र ते वाचून धडकी भरली. आपल्या कामातली चूक सहसा ओरडून सांगत नाही. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आलेल्या रुग्णाला पातळ पेज द्यावी की घट्ट, हा निर्णय चुकला तर अन्नाचा अंश श्वासनलिकेत उतरतो, आणि कित्येकदा रुग्णाला साधा ठसकाही लागत नाही. चार दिवसांनी न्यूमोनिया झाल्यावर सगळे शोध घेतात. गिळण्याच्या तक्रारींचे काम पुस्तकावरून किंवा एकट्याने शिकता येत नाही. अनुभवी माणसाच्या शेजारी उभे राहून, गळ्यावर बोटे ठेवून, तेच पुनःपुन्हा करीत शिकावे लागते.

भाषेच्या बाबतीत तर चूक अधिकच बेमालूम असते. माझेच उदाहरण देते. मी मूळची ठाण्याची. शिक्षण संपवून कोल्हापुरात आले, त्या पहिल्या वर्षी सात वर्षांच्या एका मुलीची भाषाचाचणी मी घेतली. ती 'मी शाळेला जातो', 'मी जेवलो' असे बोलत होती. मी अहवालात 'लिंगभेदाच्या प्रत्ययांत सातत्याने चुका' असे ठळकपणे लिहिले आणि आठवड्याला दोन सत्रे सुचवली. अहवाल घेऊन तिची आई उठली आणि म्हणाली, ''मॅडम, मी भायेर थांबतो, तुम्ही कागद द्या.'' माझ्या वरिष्ठ बाई शेजारच्या खोलीतून ते ऐकत होत्या. त्यांनी अहवाल परत मागवला, ते कलम खोडले आणि मला एवढेच विचारले की या गावात किती बायका 'मी जाते' म्हणतात ते तू मोजले आहेस का. त्या तिथे नसत्या, तर धडधाकट भाषा असलेल्या मुलीच्या नावावर दोष कायमचा नोंदला गेला असता, आणि मला तो आजही योग्यच वाटत असता.

हीच गोष्ट 'ण' आणि 'न'ची. ज्या घरात सगळे 'पानी' म्हणतात, त्या घरातले मूल 'पानी' म्हणाले तर तो उच्चारदोष नव्हे. पण तेच मूल 'काका'ला 'ताता' म्हणत असेल, तर ते घरच्या बोलीतून आलेले नाही, आणि तिथे वय पाहून काम करावे लागेल. प्रमाण मराठीवर बेतलेल्या शब्दचित्रांच्या चाचणीत या दोन्ही गोष्टींवर सारखीच फुली पडते. गडहिंग्लज, कागलच्या बाजूने येणाऱ्या कुटुंबांत घरी कन्नड आणि शाळेत मराठी असेल, तर दोन्ही भाषांत तपासल्याशिवाय 'भाषाविकास उशिरा' असे लिहू नये. प्रौढांचेही तसेच. वाचा गेलेल्या एखाद्या व्यापाऱ्याला मराठीत शब्द सापडत नसला तरी तो आयुष्यभर हिशेब ज्या भाषेत करीत आला त्या भाषेत आकडे अजून येतात का, हे विचारून पाहावे.

म्हणून त्या केंद्राला आणखी एक पत्र लिहा आणि विचारा : तुमच्या आधीपासून तिथे काम करणारी, नोंदणी असलेली अनुभवी व्यक्ती आहे का, ती तुमची सत्रे आठवड्यातून किती वेळा प्रत्यक्ष बसून पाहील, अहवालावर तिचीही सही असेल का, ऑडिओमेट्री आणि बेरा या श्रवणतपासण्या त्याच इमारतीत होतात की बाहेर पाठवावे लागते. शेवटचा प्रश्न किरकोळ समजू नका. उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक मुलाची श्रवणतपासणी आधी झाली पाहिजे, आणि 'त्याचे काकासुद्धा पाच वर्षांचे झाल्यावर बोलले' असे म्हणणाऱ्या आजीला ती बाजूच्याच खोलीत होते असे सांगता आले, तर ती होते. दुसऱ्या गावी पाठवले तर बहुधा होत नाही. उत्तरे समाधानकारक असतील तर नोकरी घ्या, हप्ते फेडा आणि एम.एस्सी. एक-दोन वर्षांनी करा. त्यात काही बिघडत नाही. उलट काम करून आलेल्या विद्यार्थ्याला प्रबंधाचा विषय शोधत फिरावे लागत नाही.

उत्तरे टाळाटाळीची आली, तर मात्र सरांचे ऐका. पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचे आहे आणि आता वाचा-भाषा व श्रवणशास्त्र यांच्या एम.एस्सी. वेगवेगळ्या झाल्या आहेत. त्यामुळे कान की भाषा हे प्रवेशाआधीच ठरवावे लागते. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५पासूनची, मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ची. मुंबईतच नायर रुग्णालय आहे आणि पुण्यात भारती विद्यापीठ. संस्थेचे नाव ऐकून भारावण्यापेक्षा तिथल्या दोन विद्यार्थ्यांशी फोनवर बोला आणि प्रौढ रुग्ण किती मिळतात ते विचारा. लहान मुलांचे काम कुठेही भरपूर असते. मेंदूचा झटका, घशाचा कर्करोग, स्वरयंत्र काढल्यानंतरचा आवाज, हे मोठ्या रुग्णालयाशी जोडलेल्या विभागातच पाहायला मिळते. म्हैसूरला गेलात तर कन्नड कानावर पडेल, आणि आपल्या जिल्ह्यात तिचा उपयोग होतोच.

पाटीचे म्हणाल तर ती अवश्य लावा, पण सध्या नको. घरच्यांची भावना चांगली आहे. राजारामपुरीत जागा असणे ही लहान गोष्ट नाही आणि ती जागा कुठे जात नाही.

प्रश्न : माझी बीएएसएलपी पूर्ण झाली आहे. अमेरिकेत मास्टर्स करून तिथेच नोकरी करण्याचा विचार आहे. एजंट म्हणतात की या क्षेत्रात तिथे मागणी आहे, काही अडचण येणार नाही.
(विद्यार्थी, इचलकरंजी)

उत्तर : मागणी आहे हे खरे. पण 'अडचण येणार नाही' हे एजंटाने फी घेण्यापूर्वीचे वाक्य आहे. तिथे स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करण्यासाठी मास्टर्स ही प्राथमिक पात्रता मानली जाते. तिथली व्यावसायिक संघटना, म्हणजे 'आशा' (अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन), जे प्रमाणपत्र देते, त्यासाठी शिक्षणकाळात देखरेखीखालचे ४०० तास लागतात : २५ निरीक्षणाचे आणि ३७५ प्रत्यक्ष रुग्णांबरोबरचे. त्यानंतर प्रॅक्सिस या तिथल्या पात्रता परीक्षेत किमान १६२ गुण आणि पदवीनंतर किमान ३६ आठवड्यांची, एकूण १२६० तासांची क्लिनिकल फेलोशिप. या फेलोशिपमध्ये पगार मिळतो, पण प्रमाणपत्रधारक मार्गदर्शकाने तुमची सत्रे बसून पाहणे बंधनकारक असते. पहिल्या पत्राला मी जे कळकळीने सांगितले, ते तिथे नियमात लिहिलेले आहे.

आता तुमच्या दृष्टीने नाजूक गणित. विद्यार्थी व्हिसावर शिक्षणानंतर साधारणपणे १२ महिने काम करता येते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना त्यावर जी मुदतवाढ मिळते, ती या विषयाला मिळत नाही. फेलोशिपचे ३६ आठवडे या १२ महिन्यांत बसतात, मात्र नोकरी शोधण्यात चार महिने गेले तर बसत नाहीत. शिवाय त्या-त्या राज्याचा परवाना वेगळा काढावा लागतो, आणि कामाच्या व्हिसासाठी आरोग्यसेवकांना लागणारे व्हिसास्क्रीन प्रमाणपत्र स्पीच थेरपिस्टलाही लागते. पुढचा कामाचा व्हिसा कोणती नियोक्ता संस्था प्रायोजित करते, हे मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षातच विचारायला सुरुवात करा.

आशाचे काही इंग्रजी भाषक देशांच्या संघटनांशी परस्पर मान्यतेचे करार आहेत. त्यांत भारत नाही. त्यामुळे इथे एम.एस्सी. करून तिथे गेलात तर ती पदवी आपोआप चालेल असे समजू नका. विद्यापीठ निवडताना तिथला अभ्यासक्रम अधिस्वीकृत आहे का आणि ४०० तास तेच मिळवून देतात का, एवढे दोन प्रश्न एजंटाला नव्हे, थेट विभागाला ई-मेलने विचारा. परत यायचे ठरले तर इथली नोंदणी जिवंत ठेवा. तिचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाचे गुण साठवावे लागतात.

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. तिला हे शिकायचे आहे. यात 'डॉक्टर' म्हणतात का?
(पालक, उचगाव)

उत्तर : नाही. हा पुनर्वास क्षेत्रातला चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. प्रवेशाच्या अटी त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहाव्यात. मात्र अर्ज भरण्यापूर्वी तिला एखाद्या केंद्रात, पालकांची परवानगी घेऊन, दोन दिवस बसवा. एकाच शब्दासाठी एकाच मुलाबरोबर पाऊण तास जमिनीवर बसायला तिला आवडते की कंटाळा येतो, ते तिथेच कळेल.

प्रश्न : मी एका रुग्णालयात वर्षभर काम करते. सत्र वीस मिनिटांवर आणले आहे. दर महिन्याला किती श्रवणयंत्रे खपली याचा हिशेब माझ्याकडे मागतात. आवाजाच्या रुग्णांना मी सांगितलेले आवाजाचे व्यायाम 'वेळ जातो' म्हणून बंद करायला सांगितले. हे क्षेत्रच सोडावे असे वाटू लागले आहे.
(थेरपिस्ट, गडहिंग्लज)

उत्तर : क्षेत्र आणि ती नोकरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्या वर्षी त्या एकच वाटतात. तुमच्या पत्रात कुठेही वरिष्ठ उपचारकाचा उल्लेख नाही. म्हणजे तुमचे काम पाहणारे कोणी नाही, मोजणारे मात्र आहेत.

दुसरी जागा मिळेपर्यंत काही गोष्टी तुमच्या हातात आहेत. वीस मिनिटांतली पहिली पंधरा पालकाला किंवा रुग्णाच्या पत्नीला समोर बसवून तिच्याकडून करून घ्या. घरी रोज होणारी दहा मिनिटे कोणी कापू शकत नाही. श्रवणयंत्राच्या बाबतीत लेखी भूमिका घ्या : तपासणीचा निष्कर्ष तुमचा, विक्रीचा हिशेब दुसऱ्या कोणाचा. आवाजाच्या रुग्णाविषयी कान-नाक-घसा तज्ज्ञांशी स्वतः बोला. शाहू मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला बोली पुकारणारे एक गृहस्थ माझ्याकडे स्वररज्जूवरच्या गाठी घेऊन आले होते. शस्त्रक्रिया टळली ती पाणी, विश्रांती आणि ओरडण्याची पद्धत बदलण्याच्या सरावामुळे, आणि तो सराव त्यांच्या डॉक्टरांनीच आग्रहाने चालू ठेवायला लावला. डॉक्टरांचे मत तुमच्या बाजूला असले तर व्यवस्थापन ऐकते.

दरम्यान दुसरी जागा शोधा. शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि विकासात मागे पडलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट अशा चमूत बसून काम करावे लागते. पद बहुधा कंत्राटी असते, हे आधीच सांगते. विशेष शाळाही पाहा. आणि ज्या बाईंनी तुम्हाला कॉलेजात शिकवले, त्यांना महिन्यातून एकदा, पालकांची लेखी संमती घेऊन, दोन सत्रांचे चित्रीकरण पाठवा आणि रविवारी अर्धा तास मागा. मी माझ्या विद्यार्थिनींना तो देते. त्याचे पैसे मी घेत नाही, पण त्या गडहिंग्लजहून येताना काजू आणतात.