आयएसओ ९००१ या गुणवत्ता मानकासाठी कागदपत्रांचे फोल्डर नीट लावलेत, मग ऑन्टॉलॉजी (गोष्टींमधल्या नात्यांची लेखी मांडणी) कशाला?

कारण फोल्डर फाइल कुठे आहे एवढंच सांगतो. तिचं कुणाशी काय नातं आहे ते नाही.

अंधेरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी हे कागदपत्रांचं काम बघायचो. तिथे एक व्हर्नियर कॅलिपर (माप घ्यायचं उपकरण) बदलला. त्याचा नंबर तीन वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये, म्हणजे काम कसं करायचं त्याच्या लेखी सूचनांमध्ये, होता. दोन सुधारल्या, तिसरी मशीनशेजारी प्लॅस्टिकच्या पाकिटात तशीच लटकत राहिली. ऑडिटरने नेमकी तीच मागितली! फार जिव्हारी लागलं, कारण सगळ्यांनी मनापासून मेहनत घेतली होती.

ऑन्टॉलॉजीत 'ही सूचना हे उपकरण वापरते', 'हे उपकरण मानकाच्या कलम ७.१.५ (मोजमापाची साधनं) खाली येतं' अशी नाती लिहिलेली असतात. उपकरण बदललं की कुठले कागद तपासायचे, ते एका क्वेरीत (संगणकाला विचारलेल्या एका प्रश्नात) कळतं. कलम ७.५ ला हवं असलेलं कागदपत्रांचं नियंत्रण त्यामुळे सोपं होतं. मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत क्वालिटी मॅन्युअलची (गुणवत्ता पुस्तिकेची) सक्तीही नाही, त्यामुळे रचना तुमच्या सोयीने करा.

ऑन्टॉलॉजी बनवायचं प्रोटेजे हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पण आधी कागदावर पाचच गोष्टी मांडा: दस्तऐवज, प्रक्रिया, उपकरण, कलम, जबाबदार पद. पदच लिहा, माणसाचं नाव नको. माणसं नोकरी बदलतात. आणि कागदपत्रं चाळीस-पन्नासच असतील, तर नीट ठेवलेली एक्सेल शीट पुरते.