रॉड टाकूनही हाड जुळेना, आणि बाबांची तंबाखूची पुडी

प्रश्न: बाबांचं वय ५८. बाईक घसरली आणि उजव्या पायाच्या नडगीचं हाड मोडलं, ऑपरेशन करून रॉड टाकला. साडेचार महिने झाले तरी पाय टेकवला की दुखतं. परवा एक्सरे बघून डॉक्टर म्हणाले, हाड अजून भरलेलं नाही, आधी तंबाखू बंद करा. बाबा म्हणतात, मी काय सिगरेट ओढतो का, तोंडातल्या तंबाखूचा पायाशी काय संबंध? आई रोज पायाचं सूप देते, कॅल्शियमची गोळी चालू आहे. अजून काय करू?

उत्तर: बाबांना म्हणावं संबंध आहे आणि चांगलाच आहे. बघा, रॉड हाडाला फक्त धरून ठेवतो, जोडत नाही, जोडायचं काम शरीराचंच. मोडलेल्या टोकांमध्ये आधी रक्त साकळतं, त्यात मऊसर गाठ धरते आणि तिचंच पुढे हळूहळू हाड होतं, आणि या सगळ्याला रक्तपुरवठा लागतो. नडगीवर हात फिरवून बघा, समोरून कातडीखाली लगेच हाडच लागतं, मांस जवळपास नाहीच, म्हणून तिथे मुळात रक्त कमी आणि हे हाड एरवीसुद्धा भरायला चार-सहा महिने घेतं. त्यात निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं. ते धुरातून आलं काय की गालातून आलं काय, रक्तात एकच, आणि तंबाखू चुना लावून मळली की ते गालातून आणखी पटकन शोषलं जातं!

एकदम कशी सोडतील, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. पहिले तीन-चार दिवस खूप जड जातात, चिडचिड होते, झोप लागत नाही, तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नका, बडीशेप-लवंग हाताशी ठेवा, दोन-तीन आठवड्यांत तलफ बरीच उतरते. पुडीवरच १८००-११-२३५६ हा फुकट नंबर छापलेला असतो, तिथे समुपदेशक बोलतात, लावून द्या. निकोटीनचं च्युइंगम मात्र मनाने आणू नका, त्यातही निकोटीनच असतं, आधी सर्जनना विचारा.

सुपाबद्दल आईंना वाईट वाटू देऊ नका पण त्यात आपल्याला वाटतं तेवढं कॅल्शियम नसतं. हाडाला प्रोटीनही हवं, दोन्ही जेवणांत घट्ट वरण किंवा उसळ, दही, खात असतील तर अंडी. शुगर आणि व्हिटॅमिन डी तपासलं नसेल तर तपासून घ्या, शुगर वाढलेली असली तरी हाड रेंगाळतं. आणि "हाड जुळलं नाही" ऐकून घाबरून त्यांना पलंगावर झोपवून ठेवू नका हं, डॉक्टरांनी जेवढा भार द्यायला सांगितलाय तेवढा वॉकर घेऊन रोज द्यायचाच, या हाडाला तो लागतो. दुखतं म्हणून मेडिकलमधून आपल्या मनाने पेनकिलर आणत असाल तर तेही थांबवा, काही गोळ्यांनी हाड भरायला उशीर होऊ शकतो.

एक विचारते, आई मिश्री लावतात का? ती पण भाजलेली तंबाखूच. घरात मिश्रीची डबी असली तर तलफ आली की बाबांचा हात तिकडे जाणारच, तेव्हा दोघांनाही एकाच दिवशी सोडायला सांगा.